हिवाळी सुट्टीच्या आगेमागे बालवर्गात काय घ्यावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका बालवाडीत साडेतीन ते पाच वर्षांच्या बावीस मुलांचा वर्ग तुमच्याकडे आहे आणि हे तुमचे दुसरेच वर्ष आहे. १५ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंतच्या दिवसांसाठी मुख्याध्यापिकांनी उपक्रमांची यादी मागितली असून कापसाचा हिममानव, सांताक्लॉजची भेट, स्नेहसंमेलनातले नृत्य, नववर्षाचे भेटकार्ड आणि शेवटी बोरन्हाण ही नावे त्यांनी स्वतःच सुचवली आहेत. या दिवसांत मुले चिडचिडी होतात, निम्मी सर्दी-खोकल्याने गैरहजर असतात आणि सुट्टी संपवून आल्यावर काही जण पुन्हा रडू लागतात, असे तुम्ही लिहिले आहे. आणि तरीही यादीत आणखी काय घालता येईल, असे विचारले आहे.

सत्तावीस वर्षे याच शहरात बालवर्ग घेतल्यानंतर माझे उत्तर असे आहे की यादीत आणखी काहीही घालू नका, उलट तिच्यातले निम्मे काढा. उरलेले निम्मे इथल्या हिवाळ्यातून घ्या आणि त्याभोवती वर्गाचा रोजचा क्रम अगदी घट्ट धरून ठेवा. मुलांची चिडचिड थंडीने होत नाही. डिसेंबरात त्यांचा दिवस ओळखू येईनासा होतो, म्हणून ती होते. घरी लग्नसराई चालू असते, झोप उशिरा होते, सकाळी अंधारात उठवले जाते. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की मोर्चांमुळे रस्ते बंद होतात आणि व्हॅन कधी वीस मिनिटे तर कधी पाऊण तास उशिरा येते. वर्गात आल्यावर गोष्टीच्या वेळी गोष्ट होत नाही, कारण तालमीला बोलावणे आलेले असते. चार वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. प्रार्थनेनंतर मुक्त खेळ, त्यानंतर डबा, त्यानंतर गोष्ट आणि गोष्टीनंतर आई, एवढ्या ओळखीच्या क्रमावर त्याचा दिवस उभा असतो, आणि तोच क्रम आपण उत्सवाच्या नावाखाली काढून घेतो. म्हणून पहिली गोष्ट ही ठरवा की नवा उपक्रम कितीही आकर्षक असला तरी तो रोजच्या हस्तकामाच्या किंवा गोष्टीच्या ठरलेल्या वेळेतच होईल, आणि प्रार्थना, मुक्त खेळ, डबा व निरोपाचे गाणे यांना हात लागणार नाही.

स्नेहसंमेलनाबद्दल सुरुवातीलाच बोलते, कारण वर्गाचा सर्वांत मोठा तुकडा तेच खाते. चार मिनिटांच्या नाचासाठी लहान मुले रांगेत चाळीस मिनिटे उभी राहतात, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे आणि माझ्या पहिल्या काही वर्षांत मीही तसेच केले आहे, याचे मला आजही वाईट वाटते. त्या चाळीस मिनिटांत मूल काही शिकत नाही. ते फक्त आपली पाळी येण्याची वाट पाहते आणि "हलू नकोस" एवढेच ऐकते. त्याऐवजी वर्गात जूनपासून म्हटले जाणारे एखादे अभिनयगीत रंगमंचावर न्या. मुलांना ते पाठ आहे, हातवारे त्यांचे स्वतःचे आहेत, वेगळी तालीम लागत नाही. रोज गाण्याच्या ठरलेल्या वेळेत ते एकदा म्हणावे, रंगमंचाची ओळख व्हावी म्हणून मुलांना तेथे फक्त दोनदा न्यावे, आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात ताईंनी मुलांच्या पुढ्यात, प्रेक्षकांकडे पाठ करून, खाली बसावे. ज्याला रडू येईल त्याला आईच्या मांडीवर बसून कार्यक्रम पाहण्याची मुभा पालकसभेतच जाहीर करून टाकावी. भाड्याचे झगमगीत पोशाख अंगाला टोचतात आणि रात्रीच्या गारठ्यात ऊबही देत नाहीत. घरचा स्वच्छ सदरा आणि त्यावर मुलांनी स्वतः रंगवलेला कागदी पट्टा पुरेसा आहे.

आता कापसाच्या हिममानवाकडे येते, कारण तुमच्या यादीतला सर्वांत चुकीचा आणि तरीही सर्वांत उपयोगी उपक्रम हाच आहे. नागपूरच्या मुलाने बर्फ पडताना पाहिलेला नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तेव्हाही इथे हिम पडले नव्हते. निळ्या कागदावर ताईंनी काढून दिलेल्या दोन वर्तुळांत पांढरा कापूस चिकटवताना मूल हिमाबद्दल काहीच शिकत नाही, आणि हातात आलेल्या खऱ्या वस्तूकडे, म्हणजे कापसाकडे, त्याचे लक्षही जात नाही. विदर्भात कापसाची वेचणी साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि डिसेंबरात ती जोरात असते. शहरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. आपल्या एका मोठ्या भाजीबाजाराचे नावच कॉटन मार्केट आहे. असे असताना कापसाला बर्फाचे सोंग देण्याची काय गरज आहे? त्याला कापूसच राहू द्या आणि पूर्ण आठवडा त्याच्यासाठी ठेवा.

तुमच्या बावीस जणांपैकी कोणाच्या तरी आजोळी शेती असणारच. पालकांना सांगून फुटलेल्या बोंडांसह पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, दोन-चार फांद्या आणि किलोभर न पिंजलेला कापूस मागवा. पहिल्या दिवशी काहीच करू नका. फांद्या सतरंजीवर ठेवा, मुलांना भोवती बसवा आणि ती काय बोलतात ते ऐका. माझ्या वर्गात एक मुलगा जूनपासून क्वचितच बोलत असे. त्या दिवशी तो उठून फांदीजवळ गेला आणि "आमच्या मामाच्या वावरात आहे हे" असे म्हणाला. पुढची दहा मिनिटे तोच बोलत होता आणि बाकीचे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सरकी काढायला द्या. बोंडातला कापूस बोटांनी ओढून त्यातली सरकी वेगळी करणे हे चिमटीचे उत्तम काम आहे. पुढे पेन्सिल धरण्यासाठी जी तीन बोटे तयार व्हायला हवीत, तीच इथे कामाला लागतात. हे काम मूल अर्धा तास आनंदाने करते, तर ठिपके जोडण्याच्या छापील कागदावर ते पाच मिनिटांत कंटाळते. तिसऱ्या दिवशी वाती वळा. यासाठी एखाद्या मुलाच्या आजीला बोलवा, कारण आपल्यापैकी अनेकांना चांगली वात वळता येत नाही आणि आजीचा हात ज्या सफाईने चालतो ते पाहणे हाच मुलांसाठी मोठा धडा असतो. हाताला किंचित राख किंवा दूध लावून वळलेली लांब वात आणि देठासारखी शेंडी असलेली फुलवात यांतला फरक मुले लगेच ओळखतात. चौथ्या दिवशी फुंकरीचा खेळ, तराजूत एका पारड्यात मूठभर कापूस आणि दुसऱ्यात एकच गोटा, कोरडा कापूस आणि पाण्यात बुडवलेला कापूस. पाचव्या दिवशी शक्य झाले तर गल्लीत येणाऱ्या रजया-गाद्या भरणाऱ्या कारागिराला अंगणात बोलवा आणि आपण रात्री जी रजई पांघरतो तिच्या आत काय आहे, हे मुलांना प्रत्यक्ष पाहू द्या. कोणाकडे टकळी असेल तर ती आणा. सूत निघताना पाहिले की मुलांच्या तोंडून शब्द फुटत नाही.

हे लिहिताना मला गांधीजींच्या सेवाग्रामची आठवण होणे स्वाभाविक आहे. हाताने केलेल्या कामातून शिक्षण हा विचार १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडला गेला, तो आपल्यापासून दोन तासांच्या अंतरावर. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम केले, त्यातही महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या पाना-बियांनाच शिक्षणाचे साहित्य मानले होते. आपल्याकडे ही परंपरा घरचीच आहे.

मात्र कापसाच्या कामात तीन काळज्या घ्याव्या लागतात. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोके काट्यासारखी लागतात, म्हणून बोंडे आधी आपण हाताळून अणकुचीदार टोके मोडून टाकावीत. सरकी नाकात किंवा कानात घालण्याचा मोह या वयाला आवरत नाही, म्हणून एका वेळी पाच-सहा मुलांचाच गट बसवावा आणि प्रत्येकाच्या वाटीतली सरकी मोजून परत घ्यावी. मोजणी आपोआप होते, हा फायदा वेगळाच. आणि पेरणीच्या पाकिटातली रंगीत सरकी वर्गात मुळीच आणू नये, कारण तिला औषध लावलेले असते. काम झाल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवायचे, आणि पाणी कोमट असले पाहिजे. डिसेंबरात टाकीचे गार पाणी पाहून मुले नुसती बोटे ओली करून परत येतात आणि सर्दी वर्गभर पसरण्याचे तेही एक कारण असते.

दुसरा आठवडा उन्हाचा आणि सावलीचा. सकाळी वर्गाची फरशी इतकी गार असते की मुलांना खाली बसवणे चुकीचे आहे, म्हणून पहिला अर्धा तास अंगणातल्या उन्हात घालवावा. त्यासाठी वेगळी सबब लागत नाही, पण एक फार सुंदर सबब उपलब्ध आहे. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून साधारण ४५ अंशच वर येतो. त्यामुळे त्या दिवसांत दुपारी बारा-सव्वाबाराला प्रत्येक मुलाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढीच पडते, तर सकाळी नऊला ती उंचीच्या दुप्पट असते. मे महिन्याच्या अखेरीस हाच सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. मुलांना अंश सांगायचे नाहीत. सकाळी नऊला प्रत्येक मुलाला फरशीवर उभे करून त्याच्या पावलांभोवती आणि सावलीभोवती खडूने रेघ मारायची, आत त्याचे नाव लिहायचे, आणि घरी जाण्याआधी पुन्हा त्याच पावलांवर उभे करायचे. सावली लहान तर झालेली असतेच, शिवाय ती दुसरीकडे वळलेलीही असते. "माझी सावली तिकडे पळाली" असे एक मुलगी म्हणाली होती; तिला मी त्या दिवशी काहीही समजावून सांगितले नाही, कारण निरीक्षण तिने केले होते आणि उत्तर शोधायला तिच्यापुढे बरीच वर्षे होती. व्हॅनची वाट पाहत मागे राहणाऱ्या मुलांना सव्वाबाराला त्यांच्या सावलीवर झोपवून पाहा: डोके बरोबर सावलीच्या डोक्यापाशी येते. तो आनंद एकदा पाहण्यासारखा असतो.

संत्र्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण तुम्हीही नागपूरच्याच आहात. आंबिया बहराची संत्री या दिवसांत बाजारात भरपूर आणि स्वस्त असतात, आणि आपल्या संत्र्याची साल सैल असल्यामुळे तीन वर्षांचे मूलही ते स्वतः सोलू शकते. ताईंनी फक्त देठाजवळ अंगठ्याने पहिले भोक पाडून द्यावे. प्रत्येकाला एक संत्रे द्या, अर्धे नको. फोडी मोजल्या की कोणाच्या नऊ, कोणाच्या अकरा निघतात आणि आपोआप तुलना सुरू होते. पाण्याच्या बादलीत सालीसकट संत्रे तरंगते आणि सोललेले संत्रे बुडते, कारण सालीत हवा असते. हे मुलांना आधी सांगू नका, त्यांना अंदाज करायला लावा. बिया आपण काढाव्यात, सालीचा फवारा डोळ्यांत जाऊ नये म्हणून साल चेहऱ्यापासून दूर धरून दाबायला शिकवावे, आणि उरलेल्या साली गच्चीवर वाळत घालाव्यात. चार दिवसांनी त्या कडक होऊन वाजू लागतात, आणि त्यांचा वास सुट्टीपर्यंत वर्गात राहतो.

स्वेटर, माकडटोपी, मोजे यांना उपक्रम म्हणून कोणी यादीत लिहीत नाही, पण या महिन्यातले सर्वांत मोठे शिक्षण तेथेच आहे. आई घाईत घालून देते, शाळेत मावशी काढून ठेवतात, आणि मूल बाहुलीसारखे उभे राहते. बटणे लावणे, चेन ओढणे, उलटी बाही सरळ करणे, आपला मोजा दुसऱ्यांच्या मोज्यांतून ओळखून त्याची जोडी लावणे यांसाठी रोज दहा मिनिटे शांतपणे द्या आणि त्या वेळी मदत करण्याचा मोह आवरा. नाक स्वतः पुसून रुमाल खिशात ठेवणे हेही याच दिवसांत शिकवून होते.

नाताळाबद्दल माझे मत असे आहे की तो साजरा करावा, पण ज्याचा तो सण आहे त्याच्याकडून समजून घेऊन साजरा करावा. वर्गात एखादे ख्रिस्ती मूल असेल तर त्याच्या आईला किंवा आजीला बोलवा. त्यांच्या घरी गव्हाणीचा देखावा कसा मांडतात, दारावर चांदणी का लावतात, फराळाला काय करतात, हे त्यांनी सांगावे. असे मूल नसेल तर ओळखीतून कोणाला तरी विचारा. शहराच्या सदर भागात ऑल सेंट्स कॅथेड्रल आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल ही दोन जुनी चर्चे आहेत. जवळ असाल तर परवानगी घेऊन, गर्दीचा दिवस टाळून, मुलांना तेथे नेता येईल. आत गेल्यावर आवाज कसा घुमतो, एवढेही त्यांच्या लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले. गोष्ट सांगायची तर एका बाळाच्या जन्माची सांगा. घरापासून दूर, गोठ्यात, थंडीच्या रात्री जन्मलेले बाळ आणि त्याला पाहायला आलेले मेंढपाळ, ही गोष्ट चार वर्षांच्या मुलाला पूर्ण समजते.

सांताक्लॉजच्या भेटीविषयी मात्र सावध राहा. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत काम करत असताना दाढीचा मुखवटा घातलेला सांता घंटा वाजवत अचानक वर्गात आला. मोठी मुले ओरडून धावली. एक साडेतीन वर्षांची मुलगी टेबलाखाली गेली आणि तिला बाहेर काढायला अर्धा तास लागला. त्यानंतर सात-आठ दिवस ती वर्गाच्या दारातूनच परत जात होती. चेहरा दिसत नाही आणि माणूस मात्र जवळ येतो, हे या वयाला फार भीतिदायक असते. शाळेला सांता हवाच असेल तर मुलांच्या ओळखीच्या व्यक्तीने, शक्यतो मावशींनी किंवा शिपाईकाकांनी, मुलांसमोर बसून एकेक कपडा घालावा, दाढी मुलांच्या हातात देऊन मग लावावी. सोंग कसे घेतात हे पाहिलेले मूल सोंगाला भीत नाही आणि त्याचा आनंदही काही कमी होत नाही. पालकांकडून गुपचूप भेटवस्तू मागवून त्या सांताच्या हातून वाटण्याची पद्धत तर बंदच करावी. एका मुलाला रिमोटची गाडी आणि शेजारच्याला खोडरबर मिळते, आणि "सांताने मला लहान का दिले?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नसते. त्यापेक्षा मुलांनाच देणारे करा. वळलेल्या वाती कागदी पुडीत बांधून आणि वाळलेल्या संत्रासालींच्या छोट्या पुरचुंड्या करून मुलांनी मावशी, व्हॅनकाका, शेजारचे दुकानदार यांना स्वतः नेऊन द्याव्यात. भेटकार्ड करायचे तर त्यावर मुलाने काढलेल्या रेघोट्याच असू द्या. बावीस कार्डांवर एकसारखे ख्रिसमसचे झाड दिसले, तर ते ताईंचे काम आहे हे पालकांनाही कळते.

संक्रांत सुट्टीनंतर येते, परंतु तिचे आत्ताच ठरवावे लागते. तिळगूळ वर्गात करता येतो आणि त्यासाठी पाक लागत नाही: भाजलेले तीळ घरून आणावेत, मुलांनी ते लहान खलबत्त्यात पाळीपाळीने कुटावेत, किसलेला गूळ त्यात मिसळून तळव्यांनी दाबून लाडू वळावेत. काही मुलांना तिळाचे किंवा शेंगदाण्याचे वावडे असते, म्हणून पालकांना आधी लेखी विचारावे. पतंग कागदी पिशवीचा करावा आणि त्याला हातभर लोकरीचा धागा बांधावा. अंगणात पळताना तो मागे फडफडतो, तेवढे पुरे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातलेली असूनही आपल्या शहरात दरवर्षी त्याने गळे कापले जातात आणि पक्षी मरतात. तुटलेला मांजा दिसला तर हात न लावता मोठ्यांना सांगायचे, हे या वयातही शिकवता येते आणि शिकवलेच पाहिजे.

बोरन्हाण, ज्याला आपल्याकडे लूट असेही म्हणतात, ते घरी एका बाळासाठी होते तेव्हा गोड असते. बावीस मुलांवर एकदम बोरे, शेंगदाणे, हरभरे, रेवड्या आणि गोळ्या ओतल्या की डोकी आपटतात, दांडगी मुले ओंजळी भरतात, आणि त्याहून गंभीर म्हणजे जमिनीवरचे तोंडात घालून धावणाऱ्या मुलाच्या घशात बोराची आठळी किंवा शेंगदाणा अडकू शकतो. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, हरभऱ्याचे दाणे आणि कडक गोळ्या धावताना-हसताना देऊच नयेत. मी गेली अनेक वर्षे असे करते: मुले गोलात बसतात, एकेकाच्या डोक्यावरून फक्त मुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या ओघळतात, आणि सर्व गाणे म्हणतात. बोरे, उसाचे करवे आणि हरभऱ्याचे घाटे वेगळ्या परातीत असतात. त्यांचा वास घ्यायचा, घाट्याचा आंबटपणा बोटाला लावून चाखायचा, आतले सोले, म्हणजे ओले दाणे, आपण ठेचून द्यायचे, बोराच्या फोडी आठळी काढून आपणच द्यायच्या आणि सर्वांनी बसून खायच्या. आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. या कार्यक्रमाला जोडून शाळांत आयांचे हळदीकुंकू ठेवतात, तेव्हा एखादी विधवा आई दारापाशी थांबते आणि तिचे मूल तिच्याकडे पाहत असते. निमंत्रण "पालकांना" द्या, तिळगूळ सर्वांना द्या, हळदीकुंकू शाळेत ठेवू नका.

मुख्याध्यापिकांना हे पटवायचे कसे, ही तुमची अडचण मी समजू शकते. त्यांच्याशी वाद घालू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळ हाच शिक्षणाचा मुख्य मार्ग मानला आहे; त्याचा आधार घेऊन प्रत्येक आठवड्यासमोर मूल काय करील आणि त्यातून हाताचे, भाषेचे व मोजणीचे कोणते काम होईल, हे एकेका ओळीत लिहून द्या. भिंतीवर लावायला सावल्यांची छायाचित्रे आणि मुलांची स्वतःची वाक्ये लिहिलेल्या पट्ट्या द्या. पालक त्यांच्यापाशी हिममानवापेक्षा जास्त वेळ थांबतात, आणि ते पाहिल्यावर मुख्याध्यापिकांचे मत बदलताना मी पाहिले आहे.

राहिला सुट्टीनंतरच्या रडण्याचा प्रश्न. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते तेव्हा आपण पहिले दोन आठवडे रडणे गृहीत धरतो, पण आठ-दहा दिवसांच्या हिवाळी सुट्टीनंतर मात्र मुलाने पहिल्याच दिवशी सरळ बसावे अशी अपेक्षा करतो. जानेवारीचे पहिले तीन दिवस जूनसारखेच घ्या: आईला दहा मिनिटे वर्गात बसू द्या, नवा उपक्रम घेऊ नका, जुनी गाणी म्हणा, जुनी गोष्ट सांगा. शिवाय सुट्टीच्या चार-पाच दिवस आधी प्रत्येक मुलाला करवंटीत माती भरून स्वयंपाकघरातले गहू पेरायला द्या. थंडीत कोंब यायला साधारण आठवडा लागतो, म्हणजे ते घरी, सुट्टीत दिसतात. करवंटी घरी न्यायची, रोज दोन चमचे पाणी घालायचे आणि शाळा उघडेल त्या दिवशी परत आणायची; गृहपाठ म्हणून एवढेच द्या. दारात रडत उभ्या असलेल्या मुलाच्या हातात काहीतरी दाखवण्यासारखे असले की त्याला आत यायला कारण मिळते. काहींचे गहू वाळलेले असतील, काही जण गावाहून परतताना करवंटी विसरून आलेली असतील. त्यांच्यासाठी चार-पाच करवंट्या जास्तीच्या पेरून वर्गाच्या खिडकीत ठेवा आणि सुट्टीत त्यांना पाणी घालायला मावशींना सांगून ठेवा.